पडद्याला उत्तर देता येत नाही

सुदाम, तू गेल्याचं कळल्यापासून घरी माणसांची ये-जा थांबलेली नाही. दुखवट्याला आलेला माणूस ओट्यावर टेकतो, डोळ्याला धोतराचा सोगा लावतो, चहाचा पहिला घोट घेतो आणि म्हणतो, "बाई, त्याची ते पोस्टमनची नक्कल पाह्यलीती काय तुम्ही?" मग स्वतः करून दाखवतो. शेजारचा म्हणतो, तशी नाही, अशी, आणि तोही करून दाखवतो. थोड्या वेळात असा हशा उठतो की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, या घरी बारसं आहे.

मला त्याचं वाईट वाटत नाही. तुला हे आवडलंच असतं. पण एक नक्कल कोणी करत नाही. एक डोळा झाकून, मान डावीकडे टाकून ‘लाऽऽभ’ म्हणायची ती नक्कल. सगळ्यांना ती येते आणि सगळे ती टाळतात, कारण हे, तुझे भाऊजी, आत खाटेवर बसलेले असतात. तिच्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुझा जन्म कुठला, किती सिनेमांत कामं केलीस, ते पेपरवाले लिहितील.

परवा नेरला सिनेमाच्या तंबूवाल्याने तुझ्या स्मरणार्थ ती नक्कल असलेला सिनेमा पुन्हा लावला. आठ दिवस आधी तो स्वतः घरी आला होता. खेळाआधी मापाऱ्यांनी, म्हणजे यांनी, दोन शब्द बोलावेत असं त्याचं म्हणणं. यांनी हो म्हटलं. मला वाटलं, झालं, सुटलो. त्या सिनेमामुळे यांच्या नावाला जे चिकटलं ते सगळ्या तालुक्यासमोर पुसायची ही एकच संधी. तिथे काय झालं ते पुढे सांगते. परवापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत, एवढं आधी सांगून ठेवते.

पुण्याच्या लोकांना झडती समजावून सांगताना तुझी कशी चिडचिड व्हायची ते तू मला सांगितलं होतंस. ते म्हणायचे, "म्हणजे उखाणा का?" आणि तू म्हणायचास, "उखाण्यात कोनी कोनाची अब्रू काढते काय?" खरंच, तिकडच्या माणसाला कसं कळावं. पोळ्याच्या दिवशी आखरावर, गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरण बांधतात. त्याखाली गावातल्या बैलजोड्या ओळीने उभ्या असतात, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आणि या ओळीतून त्या ओळीवर यमक जुळवून वार चालतात. पाटील असो की दुकानदार, ज्याला जे म्हणायचं ते तोंडावर म्हणायचं. समोरच्याने रागवायचं नाही, जवाब द्यायचा. एकजण बोलतो आणि थांबतो, मग दुसऱ्याची पाळी. शेवटी पाटील तोरण तोडतो, पोळा फुटतो, आणि तोरणाखाली जे बोललं गेलं ते तिथेच संपतं. दुसऱ्या दिवशी कोणी ती झडती विहिरीवर किंवा बाजारात काढली तर आपल्या गावात त्याला माणसात धरत नाहीत.

मला गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळे माहेरची जोडी आणि सासरची जोडी एकाच आखरावर उभी राहायची. आपला मुलूख मुंबई राज्यात जाणार म्हणून ज्या वर्षी सगळीकडे चर्चा होती, त्या पोळ्याला तू यांच्यावर पहिली झडती सोडलीस. आम्ही बायका बाजूला लिंबाखाली उभ्या होतो. तू बैलाच्या कासऱ्याला धरून, मान डावीकडे टाकून, एक डोळा झाकलास, आणि तोंड उघडायच्या आधीच आखर हसायला लागला.

"मापारी आमचा भोया, झाकते एक डोया,
लाभ म्हणता म्हणता, फुटून गेला पोया!"

यांचं तसंच आहे. नेरच्या बाजारात कापूस मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सगळेच मापारी म्हणतात. पण हे काट्याची दांडी स्थिर होईपर्यंत एक डोळा झाकून तिच्याकडे पाहत राहतात आणि तोवर तो ‘लाभ’ ओढत राहतात. दांडी थांबली की शब्द संपतो. गाडीवाला कास्तकार खोळंबतो, दलाल हात चोळत बसतो, पण यांच्या मापावर कधी कोणी दुसरं माप मागितलं नव्हतं.

यांनी बोलायला वेळ लावला. मला धाकधूक. मग म्हणाले,

"साळा माह्या बोलका, तोंड याचं चाले,
बैल म्हणते धन्याले, कडबा कोन घाले?"

तू सगळ्यात मोठ्याने हसलास. घरी येऊन यांच्या पाया पडलास आणि म्हणालास, "भाऊजी, तुम्ही नाटकात या." तेव्हापासून दर पोळ्याला तुमची जोडी लागायची. बाहेरगावचे लोक ऐकायला यायचे. तू वर्षभर यांना न्याहाळायचास. बाजारात काट्यामागे उभा राहून हे अंगाचा भार कसा बदलतात, घसा कसा खाकरतात ते टिपायचास, आणि यांना ते माहीत असायचं. मला वाटतं यांना ते आवडायचंही. हे कधी म्हणाले नाहीत, पण तू मागे उभा असलास की यांचा ‘लाभ’ जरा लांबायचा.

पुढे गणपतीत, लग्नांत, शाळांच्या संमेलनांत तुझ्या नकला सुरू झाल्या. यवतमाळच्या एका कार्यक्रमात पुण्याहून आलेल्या सिनेमावाल्याने तुला पाहिलं. आपलं वावर कसायला यांच्या हवाली करून तू गेलास. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तू असताना ती जेवायची ती तुझ्या वैद्यबुवांच्या नकलेवर. तू नाडी धरायचास, छताकडे पाहायचास, म्हणायचास, "बाईले भुकेचा रोग झाला," आणि ती हसताना मी घास भरवायची. तू गेल्यावर मी तशी नक्कल करून पाहिली. ती म्हणाली, "राहू दे व, तुले नाही जमत." पण जेवली. हे मी विसरलेले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते हे धरून लिहिते आहे.

पहिल्या वर्षी दिवाळीला आलास तेव्हा चुलीपाशी बसून सांगितलंस ते माझ्या डोक्यात अजून आहे. मी विचारलं होतं, काम कसं असतं.

"बाई, थ्या ठिकानी कोनी हसत नाही."

"काहून? जमत नाही काय तुले?"

"जमते ना. पन हसलं तं आवाज मशीनमध्ये जाते. म्हून हसाची बंदी. मी नक्कल करतो अन् समोर सारे तोंड दाबून, गप. एक डाव दिवेवाला हसला तं त्याले बाहेर काढलं." भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता तुझा. "मले समजतच नाही व, बरं झालं का वाईट. सारं झाल्यावर साहेब म्हनते, चला, पुढचं."

मी म्हटलं, मग बरंच आहे, पगार हसल्याचा नाही, कामाचा मिळतो. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं काही मी परक्या मुलखातली आहे. जो माणूस आखरावर माणसांच्या तोंडाकडे पाहून पुढचा शब्द ठरवायचा, त्याला त्या मुक्या खोलीत काय होत असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. कळून फार उपयोग झाला नाही.

नोकर, न्हावी, पोस्टमन अशा बारक्या कामांनंतर तुला तो मोठा भाग मिळाला. सिनेमा नेरला आला तेव्हा बोंडं नुकती फुटली होती, बाजार सुरू व्हायचा होता. आपलं गाव गाड्या जुंपून गेलं. हे नवी टोपी घालून गेले. तंबूत पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये कनात. मी कनातीला लागूनच बसले होते, त्यामुळे फटीतून हे मला दिसत होते.

तू पडद्यावर आलास तेव्हा आधी शिट्या झाल्या. तू मापारी होतास. बाजार, गाड्या, काटा. तू एक डोळा झाकलास, मान डावीकडे टाकलीस आणि म्हणालास, "लाऽऽभ." तंबू कोसळायचा बाकी राहिला. फटीतून मी पाहिलं, हेही हसत होते. शेजारच्याला कोपर मारून सांगत होते, "माह्या हाये तो."

मग कॅमेरा खाली गेला. तुझा पाय दिसला. तू ‘लाभ’ ओढत होतास आणि पायाचा अंगठा वजनाच्या पारड्यावर दाबत होतास. समोर गरीब कास्तकार हात जोडून उभा. तुझा एक डोळा वर दांडीकडे, आणि खाली अंगठा. लोक आणखी हसले. आणि तेवढ्यात रीळ संपलं.

त्या तंबूत एकच मशीन. रीळ बदलेपर्यंत दिवे लावतात. दिवे लागले आणि सगळ्या माना यांच्याकडे वळल्या. मला आधी यांचा चेहरा दिसला आणि मग लोकांच्या नजरा खाली जाताना दिसल्या. लोक यांच्या पायांकडे पाहत होते. यांनी सावकाश पाय धोतराखाली घेतले. त्या वेळी ते एकदम म्हातारे दिसले मला. रीळ बदलायला किती वेळ लागतो? मला तो हंगाम सरल्याइतका वाटला.

हे शेवटपर्यंत बसून राहिले. घरी येताना गाडीत म्हणाले, "काम चांगलं केलं पोट्ट्यानं." बस, एवढंच.

मग बाजार भरला. पहिल्याच आठवड्यात बाहेरगावचा एक कास्तकार गाडी घेऊन आला. यांना ओळखत नव्हता, पण सिनेमा पाहिलेला. यांनी ‘लाभ’ म्हटल्याबरोबर तो हसला आणि म्हणाला, "मापारी, जरा पाय दाखवान काय?" गमतीनेच म्हणाला. पण हसणारे मागे होते. यांनी त्याच्याकडे पाहिलं, एक रिकामं खोकं ओढून घेतलं, त्यावर मांडी घालून बसले आणि तसंच माप केलं. त्या दिवसापासून पूर्ण हंगाम हे खोक्यावर मांडी घालून बसत आणि काट्याकडे वर पाहत. दोन्ही पाय सगळ्यांना दिसतील असे. आणि ‘लाभ’ म्हणायचं सोडलं. नुसतं एक म्हणायचे, तुटक. दलालाने सांगितलं, "मापारीभाऊ, गंमत होती, सोडून द्या." पण त्याच दलालाने पुढच्या महिन्यात मोठी गिऱ्हाइकं दुसऱ्या काट्यावर वळवली. कोणी यांना चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर हे भांडले असते.

तुला यातलं काही माहीत नव्हतं, कारण तू पुण्याला होतास आणि हे कळवू देत नव्हते. उन्हाळ्यात यवतमाळला तुझा सत्कार होता. मी यांना मावशीकडे जाते म्हणून सांगितलं आणि बस धरली. सभागृहामागच्या खोलीत तू तोंडाला पावडर लावत होतास.

"कायले आली व बाई इतक्या उन्हात?"

"तुले पाहाले. पडद्यावर पाह्यलं, आता खाली पाहून घेते."

"भाऊजी रागावले काय?"

"रागावले असते तं बरं होतं. खोक्यावर मांडी घालून बसते दिवसभर. लोक पाय पाहाले मागते."

तू हसलास, सुदाम. क्षणभरच, पण हसलास. हसायची जागा तुला आधी दिसायची आणि माणूस नंतर. मग तू आरशाकडे पाठ केलीस.

"अंगठा माह्या नाही, बाई. मी नुसता डोया झाकला. सारी खोली गप. मले समजेना जमलं का नाही. कोनी हसत नाही म्हून मी ते काढलं जे आपल्या आखरावर कधीच वाया गेलं नाही. तं साहेब म्हने, छान, आता पायानं पारडं दाब. मी म्हटलं, साहेब, हा मानूस तसा नाही. तो म्हने, कोन मानूस?"

"मंग तू काय म्हनला?"

"काय म्हनू? सारे लोक उभे होते. दिवे जळून राह्यलेते." तू पावडरचा डबा बंद केलास. "दाबला."

मला आजही वाटतं, त्या प्रश्नाला तू नुसतं ‘माझे भाऊजी’ म्हणाला असतास तरी पुरे होतं. पण मी हेही जाणते की त्या प्रश्नात नुसता प्रश्न नव्हता. हा बाहेरचा मुलूख आहे, इथे तुझे भाऊजी कोणाला ठाऊक नाहीत, असं तो माणूस तुला सांगत होता. आणि तू मान्य केलंस.

"मी नाव घेतलं काय त्यायचं?" तू म्हणालास.

"नाव घेतलं असतं तं त्यायले भांडता आलं असतं."

"लोक तं हसले ना व. पोळ्यातही हसतेच ना."

"पोळ्यात त्यायची पाळी येते. पडद्याले जवाब कसा द्याचा, थे सांग. उभं राहून त्या कापडासंगं बोलाचं काय?"

बाहेरून कोणी तरी तुला हाका मारत होतं. तू उठला नाहीस. "पोळ्याले येतो," म्हणालास. "तोरनाखाली उभा राहतो. त्यायले म्हन, सारं काढा. गावासमोर काढा. मी तोंड उघडनार नाही."

मी घरी येऊन यांना सांगितलं. मावशीकडे गेले नव्हते हेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात यांचं पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. यमक जुळवत होते. मी आत गेले की गप्प व्हायचे. आषाढ गेला, श्रावण सरत आला. नेरच्या बाजारातले मापारी, दोन दलाल, आसपासच्या गावचे कास्तकार, ज्याला त्याला हे कळलं होतं. पोळ्याला आपल्या आखरावर कधी नव्हे एवढी गर्दी झाली. यांनी बैलांची शिंगं स्वतः रंगवली. मी नऊवारी नेसून लिंबाखाली उभी राहिले.

तू आला नव्हतास. बाकीच्यांच्या झडत्या झाल्या. लोकांचं लक्ष कशात नव्हतं, सगळे नेरच्या रस्त्याकडे पाहत होते. माशांनी बैल हैराण, एका जोडीने कासरा तोडला. उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली. पाटील शेवटी यांच्याजवळ आले.

"मापारी, कवालोक थांबाचं? ढोरं तहानली."

यांनी रस्त्याकडे पाहिलं. "तोडा, पाटील."

पोळा फुटला. बैल घरोघर पळाले आणि मी ताट घेऊन दारात उभी राहिले तेव्हा तू आलास. गळ्यात चुरगळलेला हार, कपाळावर, कानांवर गुलाल. धावत आला होतास, धाप लागली होती.

"भाऊजी, सांगा ना आता. मी ऐकतो. अठीच ऐकतो."

हे बैलाच्या पायावर पाणी घालत होते. वर न पाहता म्हणाले, "पोया फुटला, सुदाम. हातपाय धू. जेवाले बस."

त्या रात्रीचं जेवण मला कोणाच्या पंगतीत आठवू नये असं वाटतं. तू दोन गमती सांगितल्यास. पोरांनीही तोंड वर केलं नाही. तू तिसरी सुरू केलीस आणि मध्येच थांबलास. हे तुला पुरणपोळी वाढत राहिले, तूप वाढत राहिले, आग्रहाने, परक्या पाहुण्याला वाढावं तसं. तू म्हणालास, "पुढच्या पोळ्याले नक्की येतो, भाऊजी." हे म्हणाले, "ये ना. घर तुहंच हाये."

सकाळी तू निघालास तेव्हा मी तुला बाहेर गाठलं. गुलाल कशाचा, ते विचारलं. दुपारच्याच बसने नेरला उतरला होतास तू. स्टँडवर लोकांनी ओळखलं. हार घातला, हॉटेलातल्या टेबलावर उभं केलं आणि म्हणाले, लाभ करून दाखवा.

"आन् तू दाखवलं."

"बाई, समोर मानसं होती व. इतक्या दिवसांनी, समोर मानसं होती."

तू जवाब ऐकायला आला होतास आणि वाटेत तीच नक्कल पुन्हा करत राहिलास, तोरण तुटेपर्यंत. मी तुला तेव्हा काय म्हणाले ते तुला माहीत आहे. ते मी परत घेत नाही. पण तुझं ते वाक्यही माझ्या मनातून गेलेलं नाही. चुलीपाशी बसून तू सांगितलेल्या त्या गप्प खोलीतून थेट त्या टेबलावर आला होतास तू. भुकेला माणूस आपण दारात कशाला आलो ते विसरतो. मला ते कळतं. म्हणून ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

पुढचा पोळा तू पाहिला नाहीस. संक्रांतीनंतर तार आली. कावीळ म्हणाले. यांनी तार वाचली, पिशवीत दोन धोतरं घातली आणि बडनेऱ्याहून गाडी धरली. पोहोचेपर्यंत तुझ्या मित्रांनी अग्नी दिला होता. राख यांनी सावडली. मी म्हटलं होतं, पोराला पाठवा. हे म्हणाले, "साळा माह्या हाये." परत आल्यावर फार काही सांगितलं नाही. एवढंच, की खोली लहान होती, आणि शेजारची एक बाई दार उघडून म्हणाली, "तुम्हीच का ते भाऊजी?" तू यांच्याबद्दल तिला काय सांगितलं होतंस, आणि हे तिला काय म्हणाले, ते मला कळलेलं नाही.

आता परवाचं. सकाळीच मी यांना म्हटलं, "आज बोला. तालुका येईन. त्या अंगठ्याचं सांगून टाका."

"कोनाले सांगू?"

"लोकाले."

"झडती समोरच्याले असते," हे म्हणाले. "थो समोर नाही. आता त्याले जवाब देता येत नाही व. मंग कसं बोलाचं?"

जे मी यवतमाळला तुला ऐकवलं होतं तेच यांनी मला ऐकवलं. एवढा न्याय माणसाने करू नये, सुदाम. घरच्यांना जड जातं.

तंबू खचाखच होता. तुझा फोटो, हार, उदबत्त्या. तंबूवाल्याने यांना पुढे बोलावलं. समोर सगळा बाजार बसलेला. पाय दाखवा म्हणणारा तो कास्तकारही होता, मला दिसला. हे उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "सुदाम माह्या साळा. थो लोकाले हसवे. तुम्ही सिनेमा पाहाले आले, सिनेमा पाहा." आणि खाली बसले. एवढा हंगाम मांडी घालून काढला, आणि संधी आली तेव्हा एवढंच.

तंबूवाला दिवे घालवायला सांगत होता. मी उठले. तोरणाखाली बायका उभ्या राहत नाहीत, त्यामुळे समोरच्यालाच बोलायचं हा नियम मला लागू नाही, असा मी हिशेब केला. कनात बाजूला सारली आणि पुढे गेले.

"मी सुदामची बहीण," मी म्हटलं. "आता तुम्ही ज्या मापाऱ्यावर हसान त्याचा डोया माह्या मालकाचा हाये. सुदामनं थो घेतला, न इचारता घेतला. पायाचा अंगठा आमच्या घरचा नाही. थो सिनेमावाल्यायचा हाये. सुदामले हे ठाऊक होतं, तरी त्यानं दाबला. हे त्यानं माह्या तोंडावर सांगतलं, मांगून नाही. डोयावर हसा, खुशाल हसा. अंगठ्यावर हसान तं हे ध्यानात ठेवा."

हे मान खाली घालून बसले होते. मागे मशीनवाला हात खटक्यावर ठेवून माझ्याकडे पाहत होता, झालं का म्हणून. झालं होतं. पण मी जागची हलले नाही. लिंबाखाली उभं राहून इतकी वर्षं ऐकलं आहे मी, एकजण बोलतो आणि थांबतो. माझ्या आवाजावर, लुगड्याच्या ओच्यावर, कशावर तरी तू काही काढलं असतंस, तंबू हसला असता आणि मी चिडून खाली बसले असते. कोणी तरी हळू म्हणालं, "बसा ना, बाई."

मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. तुझी पाळी होती.